भरमा सायकलवर असेपर्यंत

सायकली बारा होत्या. अकरा माझ्या हिशेबातल्या आणि एक आयत्या वेळची. पंप दोन, पंक्चरच्या डब्या तीन, जादा ट्यूब सात, पाने दोन, निळे झेंडे बारा, कापडी फलक एक. फलकावर ‘बेळगाव ते महाड सायकल यात्रा, मार्च १९८३’ असं रंगवलेलं होतं आणि जागा न पुरल्यामुळं ‘महाड’मधला ‘ड’ अर्ध्या उंचीचा झाला होता. बायका दोन, मी आणि अंजना. पुरुष दहा. त्यातला दहावा भरमा, अंजनाचा थोरला भाऊ. बारावी सायकल त्याच्यासाठी ऑफिसातल्या एका मित्राकडून मागून आणलेली होती.

मोजदाद माझ्याकडं होती, कारण मी आदल्या वर्षी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. यात्रेचे पुढारी यल्लाप्पामामा यांचा ज्यानं बी.एस्सी. केलं त्याच्या मोजण्यावर पूर्ण विश्वास होता. मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तारा बघत बघत त्यांनी वीस वर्षं सायकल चालवली होती. वीस मार्चला महाडच्या तळ्यावर माणसं जमतात, तिथं आपल्या गल्लीची माणसं पायानं सायकल मारत गेली पाहिजेत, हे त्यांच्या मनात दोन वर्षं होतं. पहिल्या वर्षी नुसते पुरुष गेले. त्या वर्षी मामा मुलींसाठी आठ घरं फिरले होते, एकाही घरानं मुलगी दिली नव्हती. या वर्षी दोघी मिळाल्या. मला भाऊ नाही, वडीलही नाहीत. माझ्या आईनं मामांकडं बघून “तुमच्या भरवशावर” एवढंच म्हटलं आणि विषय संपला. अंजनाचं तसं नव्हतं.

अंजनाचे वडील भीमाप्पा कॅम्पात मिलिटरीच्या एका मेसमध्ये माळी होते. निघायच्या चार दिवस आधी विहारासमोर बैठक झाली, तेव्हा ते मागं उभे होते.

“भीमाप्पा, पोरगी रोज अनगोळातनं टायपिंगला सायकलनं जाती,” मामा म्हणाले. “आमच्यात तिच्याइतक्या दमाचं कोन न्हाय.”

“दमाचं म्हनत न्हाय मी. पाच राती भाईर ऱ्हायाच्या. घरातलं कोनतरी संगं पायजे. भरमा जाऊंदे.”

“भरमाण्णा?” गुंडू हसला. गुंडू आमच्यातला सगळ्यात बडबड्या, कुणाचीही टर उडवायचा. “भरमाण्णा ऑफिसला चालत जातोय, त्येबी वाटंत दोनदा बसून!”

भरमा स्वतःच सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. तो सव्वीस वर्षांचा, अंगानं जाड, पाटबंधारे खात्यात कारकून. शेवटची सायकल त्यानं मॅट्रिकला असताना चालवली होती.

भीमाप्पा हसले नाहीत. “भरमा सायकलवर हाय तोवर ही सायकलवर. भरमा उतरला की हिनंबी उतरायचं आन एस्टी धरून घरला यायचं. कबूल?”

सगळी गल्ली ऐकत होती. मामांनी अंजनाकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

“कबूल,” मामा म्हणाले. “माझा शब्द.”

अंजनाचं लग्न वैशाखात चिकोडीला ठरलं होतं. ती विशीची होती. जानेवारीपासून रोज पहाटे ती हिंडलग्यापर्यंत जाऊन येत होती, मी तिच्याबरोबर असायचे आणि परतताना नेहमी मागं पडायचे. महाडचं ती फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “शालाक्का, एस्टीत बसून गेलं की जाग्यावर पोचतंय. सायकलनं गेलं की आपण गेलो असं वाटतंय.” पुढच्या वर्षीचं तिच्यापुढं कुणी काढत नसे.

*

पहाटे साडेपाचला निघालो. अंधार होता, थंडी नव्हती. मामांची पद्धत अशी की पंप आणि पंक्चरची पेटी कायम शेवटच्या माणसाकडं द्यायची. “म्हंजे पुढचे पळत न्हाईत,” ते म्हणायचे. “टायर बसला की शेवटच्याची वाट बघाय लागती.” ही पद्धत चांगली होती, पण तिचा अर्थ असा की जो सगळ्यात हळू त्याच्याकडं सगळ्यात जास्त ओझं. काकती यायच्या आधीच भरमा शेवटचा झाला आणि पंप, पेटी त्याच्याकडं गेली. मैलभरानं अंजनानं मागं वळून ती स्वतःच्या कॅरिअरला बांधून घेतली. पुढच्या थांब्यावर त्याची कपड्यांची पिशवीही घेतली.

“माझी टोपी तेवढी ऱ्हायली बघ,” भरमा म्हणाला. “ती घेतलीस तर मी नुसता हवेनंच फुडं जातोय.”

“बोलू नको. दम जातोय.”

“दम व्हता कवा?”

वंटमुरीच्या चढाला तिनं त्याच्या पाठीला हात दिला. एका हातानं स्वतःचं हँडल धरायचं, दुसरा पंजा शेजारच्याच्या पाठीवर ठेवायचा आणि पायडल मारत त्याला ढकलत न्यायचं. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बापाला असं ढकलत नेणारे लोक मी पाहिले आहेत, पण सपाटीवर. चढावर पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या मागं होते. भरमाच्या शर्टावर तिच्या पंजाएवढा घामाचा डाग पडत गेला. तो पुढं बघून चालवत होता, मान खाली, आणि त्याचे गुडघे जवळजवळ हँडलला लागत होते. तेव्हा ते मला नुसतं गमतीदार दिसलं.

हत्तरगीला चहाला थांबलो. सगळे उतरले, भरमानं सायकल बाकड्याला टेकवली आणि डावा पाय ओढत आला.

“काय झालं रं?” मामांनी विचारलं.

“काय न्हाय. गुडघा जरा कुरकुरतोय. तेल मागतोय.”

“पोटाला मागतोय का गुडघ्याला?” गुंडू म्हणाला. “भजी घेऊ का दोन प्लेट?”

“दोन सांग की. गुडघा एक, प्लेटी दोन.”

मी त्याची सायकल बघत होते. आता कारण कळलं. सीट पार खाली, चौकटीला टेकलेली होती. पायडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. इथं तो तळाशीही अर्धा दुमडलेला राहत होता. असं काही हजार वेळा केलं की गुडघ्याच्या वाटीवर ताण येणारच. शिवाय भरमाला निम्मी ताकद वायाच घालवावी लागत होती.

“भरमाण्णा, सीट एवढी खाली कुणी केली?”

“आप्पानं. काल सांजचं. म्हनला, पाय भुईला टेकाय पायजेत, म्हंजे पडत न्हाईस.”

अंजनानं माझ्याकडं पाहिलं आणि पाना काढला. नट गंजलेला होता, गुंडू आणि ती दोघं मिळून लटकले तेव्हा फिरला. सीट चार बोटं वर घेतली. भरमा वर चढून बसला तर त्याच्या पायाचा अंगठासुद्धा जमिनीला लागेना.

“आगं ये, पडतोय मी!”

“चालताना भुई लागती. चालवताना कशाला पायजे?” अंजना म्हणाली.

पहिला फर्लांग तो दारू प्यालेल्या माणसासारखा गेला. मग सरळ झाला. पुढच्या तासात त्याला कुणालाच हात द्यावा लागला नाही. दोन सायकलींच्या पुढंही गेला. अंजना माझ्याजवळ आली, तिचं तोंड उजळलं होतं.

“शालाक्का, तुझी बी.एस्सी. लई उपयोगाची हाय गं.”

मलाही तसंच वाटत होतं.

*

संकेश्वर सोडल्यावर ऊन चढलं. रस्त्याला लागून एक गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास लांबूनच येत होता. मालकीण रुक्माबाई नावाची, पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात भलामोठा झारा. तिनं फलक वाचला नाही, आम्हालाच विचारलं.

“एवढी पोरं कुटं निघालासा?”

“महाडला,” मामा म्हणाले.

“तळ्याचं त्ये महाड?” तिनं झेंड्यांकडं पाहिलं, मग आम्हा दोघींकडं. “ह्या पोरीबी सायकलनंच?”

“सायकलनंच.”

“बरं. बसा सावलीला. रस पिऊन जावा. उन्हाचं जायाचं न्हाय, डोस्कं फिरंल.”

ती स्वतः तांब्या घेऊन प्रत्येकाला रस ओतत फिरली. भरमाला तीन पेले. मग गरम गूळ आला, शेंगदाणे आले. आंब्याच्या सावलीत आम्ही तासभर पडलो. हा तास नको होता. तेव्हा तो अगदी बरोबर वाटला. ऊन होतं, सगळे दमले होते, मामांचाही डोळा लागला. पण सुजायला लागलेला गुडघा चालता असतो तोवर चालतो, थांबला की धरतो. हे मला नंतर कळलं.

“चला,” मामा म्हणाले तेव्हा भरमा उठला नाही. त्यानं हात जमिनीला टेकले, उजवा पाय घेतला, डावा तसाच सरळ राहिला. भरमानं पँट वर केली. गुडघ्याची वाटी दिसत नव्हती. तिच्या जागी नुसतीच गोल, ताणलेली कातडी.

रुक्माबाईनं बघितलं आणि ‘च्’ केलं. “ह्ये काय चालवाय येत न्हाय बाबा.”

“येतंय,” भरमा म्हणाला. “जरा वंगण बसंल. धरा मला.”

दोघांनी धरून त्याला सायकलवर बसवलं. त्यानं एक फेरा मारला. पायडल वर आलं तेव्हा गुडघा दुमडेना, आणि तो आवाज न करता बाजूला कलला. अंजनानं सायकल धरली.

गुळाच्या ढेपा भरलेली एक लॉरी गुऱ्हाळातून निपाणीला निघाली होती. ड्रायव्हर खाली वाकून बघत होता. “येन आयतु?” त्यानं विचारलं. गुंडूनं कानडीत सांगितलं, गुडघा गेला. ड्रायव्हरनं लगेच मागच्या फळीकडं हात केला, चढवा म्हणून.

भरमाचा चेहरा एकदम मोकळा झाला. “ह्ये बेस झालं. मी लॉरीतनं जातो. अंजे, तू ये सायकलवर. निपानीत भेटू. उद्याच्याला मी बरा हुतोय, परत सायकलवर. आप्पाला कोन सांगणार हाय?”

सगळे मामांकडं बघत होते, आणि मामा रस्त्याकडं.

“मामा?” अंजना म्हणाली.

“दहा जनं हाईत पोरी,” मामा म्हणाले. “दहा तोंडं. आज न्हाय तर दिवाळीला कोनतरी बोलंल. गंमत म्हनून बोलंल. मी भीमाप्पाला सगळ्यांच्या म्होरं शब्द दिलाय. त्यो मोडला तर फुडल्या साली एक घर पोरगी देत न्हाय. ह्या शालूची आईसुदिक.”

“फुडल्या साली मी न्हाईच की, मामा.”

मामांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. “मला कळतंय,” ते म्हणाले. “माझ्या हातात काय हाय सांग.”

त्यांच्या हातात काहीच नव्हतं, हे ती जाणत होती. भीमाप्पांचंही चुकलं होतं असं मला सांगता येत नव्हतं. त्यांनी अट घातली म्हणून तर ती इथवर आली होती. लॉरीचं इंजिन चालू होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, एकदाच, घाईचा नाही, विचारण्यासाठी.

अंजनानं आपल्या कॅरिअरवरचा पंप सोडला, पेटी सोडली, दोन्ही पिशव्या सोडल्या आणि माझ्या पुढ्यात टाकल्या. “ह्ये वाटून घ्या सगळ्यांनी. अण्णा, बस मागं.”

“कुटं?”

“माझ्या कॅरिअरवर. डबलसीट.” ती मामांकडं वळली. “आप्पा काय म्हनला? भरमा सायकलवर हाय तोवर. कुणाच्या सायकलवर त्ये म्हनला न्हाय. म्हनला का?”

गुंडू मोठ्यानं हसला. “बरूबर हाय! न्हाय म्हनला! मी व्हतो की!”

मामांच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. “न्हाय म्हनला,” ते म्हणाले. “चालतंय. पर घाटात न्हाय. घाटाच्या उताराला डबलसीट मी घिऊ देत न्हाय.”

रुक्माबाईनं एक गोणपाट घडी करून कॅरिअरवर टाकलं. लॉरी निघून गेली.

*

भरमाचं वजन ब्याऐंशी किलो होतं, त्याला रेशनच्या दुकानातल्या काट्यावर मी स्वतः उभं केलं होतं. अंजना फार तर शेहेचाळीस असेल. कणगल्यापासून तवंदीपर्यंत रस्ता फसवा आहे, सपाट दिसतो आणि चढत असतो. चढ किती, वजन किती, ती मिनिटाला किती काम करू शकते, हे गणित अकरावीच्या मुलालाही येतं. मला त्याचं उत्तर येत होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आज तिनं ते निभावलं असतं. पण पुढं कऱ्हाड होतं, सातारा होता, महाबळेश्वरचा घाट होता.

मी तिच्या शेजारून चालवत भरमाच्या पाठीला हात देत होते. माझा हात पाच मिनिटांत भरून यायचा, मग गुंडू यायचा. पण गुंडूच्या एका हातात भरमाची रिकामी सायकल होती. ती तो आपल्या सायकलीबरोबर हँडल धरून चालवत नेत होता, म्हणून त्याला हात देता यायचा नाही, नुसतं बोलता यायचं.

“भरमाण्णा, वजन जरा हलकं कर. विचार कमी कर.”

“विचार न्हाईच रं डोस्क्यात. नुसता ऊस भरलाय.”

“हलू नको अण्णा,” अंजना म्हणाली. ती सीटवरून उठून पायडलवर उभी राहिली होती. तिची वेणी पाठीला चिकटली होती.

“लग्नात घोड्यावर बी एवढा बसलो न्हवतो मी,” भरमा म्हणाला. त्याचा डावा पाय काठीसारखा बाजूला निघालेला होता आणि तो दोन्ही हातांनी मांडी धरून बसला होता. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, “अंजे, टाक मला हितंच.”

“गप बस.”

“आगं माझ्यामुळं—”

“गप बस म्हनते न्हवं? हुंदका देऊ नको, सायकल हलती.”

समोरून येणाऱ्या एस्टीतून पोरांनी शिट्ट्या मारल्या. एका म्हाताऱ्यानं बैलगाडी थांबवून आम्हाला वाट दिली आणि भरमाला म्हणाला, “शरम न्हाय का रं, बायकामानसाला जुपलायस?” भरमानं त्याला हात जोडले.

दोनदा ती थांबली. दोन्ही वेळेला भरमाला न उतरवता, आम्ही चौघांनी सायकल धरून. तो उतरलेला कुणालाच नको होता.

तवंदीच्या माथ्यावर मामा थांबले होते. खाली निपाणी दिसत होती, तंबाखूच्या वखारींची कौलं उन्हात. आता सगळा उतार. मामांनी भरमाची सायकल तपासली, ब्रेक दाबून पाहिले.

“भरमा, पायडल मारायचं न्हाय. नुसतं बसायचं आन ब्रेक धरायचा. जमंल?”

“बसायचं काम मला लई जमतंय.”

त्याला उचलून त्याच्या सायकलवर ठेवलं. डावा पाय लांब, उजवा पायडलवर. हळू ढकललं.

जड माणूस उतारावर जोरात जातो. हवेचा अडथळा थोडाफार तेवढाच, ओढ दुप्पट. पहिल्या वळणापाशी भरमा माझ्या पुढं गेला, दुसऱ्याला गुंडूच्या पुढं, मग मामांच्याही. ब्रेक किंचाळत होते, झेंडा फडफडत होता, आणि तो मोठमोठ्यानं ओरडत होता, “अंजेऽ! बघ गं! मी पयलाऽ!” मी अंजनाकडं पाहिलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्ही हात ब्रेकवर असल्यामुळं दंडानं पुसत होती.

*

निपाणीत आमचा मुक्काम पारूबाईंकडं होता. त्या मामांच्या लांबच्या बहीण. बिड्या वळत आणि फावल्या वेळात गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. घराला सगळीकडून तंबाखूचा वास होता. भरमा सगळ्यांच्या आधी पोचला होता. तो दारापुढच्या दगडाला उजवा पाय टेकून सायकलवरच बसला होता.

“उतर की रं, दादा,” पारूबाई म्हणत होत्या. “चहा टाकलाय.”

“हितंच द्या,” भरमा म्हणाला. “हितं हवा बरी हाय.”

त्याला उतरताच येत नव्हतं. पाय दांड्यावरून पलीकडं जात नव्हता. शेवटी चौघांनी काखेत हात घालून त्याला भरल्या घागरीसारखा वर उचलला आणि गुंडूनं खालून सायकल काढून घेतली.

अंजना आणि मी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर गेले होते, सकाळी दहाला येणार होते. कंपाउंडरनं दुखण्याच्या गोळ्या आणि पट्टी दिली. आम्ही साडेपाचला निघणार होतो. तिथून पोस्टात. मेसमध्ये फोन होता, आप्पांना बोलावून, अंजनाला तशीच पुढं जाऊ देता का, असं विचारता येईल, हे भरमाचं म्हणणं. ट्रंककॉल लागायला दीड तास लागला. पलीकडं कुणीतरी हिंदीत म्हणालं, माली घर गया, कल सुबह आएगा. अंजनानं फोन खाली ठेवला आणि क्लार्कला विचारलं, “पैसे पुरे पडतात का?” परतताना ती माझ्या पुढं चालत होती. दिवसभर मी तिला सायकलवरच पाहिलं होतं. चालताना ती बारीक दिसली.

जेवणं झाल्यावर मामा भरमाजवळ येऊन बसले. “सकाळी बघू. सूज उतरली आसंल तर त्यो सायकलवर, ही सायकलवर. न्हायतर दोघंबी एस्टीनं.”

“डबलसीट?” अंजना म्हणाली.

“महाबळेश्वरच्या घाटात? तूच सांग.”

ती कंपाउंडरनं दिलेली पट्टी उलगडून परत गुंडाळायला लागली.

“उतरली म्हंजे किती उतरली?” गुंडूनं विचारलं. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “भरमाण्णा तर आत्ताच म्हनंल उतरली.”

“शालू मोजंल,” मामा म्हणाले. “तिचा आकडा मी मानतो. सगळ्यांनी मानायचा.”

पारूबाईंनी शिलाईची टेप आणून दिली. उजवा गुडघा चौदा इंच भरला, डावा साडेसोळा. पुन्हा मोजताना टेप त्याच जागी यावी म्हणून मी दोन्ही गुडघ्यांवर पेनानं खूण केली. भरमा म्हणाला, “सही कर की त्येच्यावर.” किती फरक चालेल, हे सगळे मला विचारत होते. मी म्हणाले, दोन गुडघ्यांत एक इंच. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नव्हता. कुणीतरी आकडा सांगायला हवा होता, आणि तो एवढा मोठा नको होता की भरमाचा पाय कायमचा जाईल, आणि एवढा छोटा नको होता की आशाच राहणार नाही.

रात्रभर अंजनानं त्याच्या गुडघ्यावर ओल्या कपड्याच्या घड्या ठेवल्या. पारूबाईंनी आंबेहळद उगाळून लावली. भरमानं पाय उशीवर उंच ठेवला आणि हलला नाही. मी त्याला एवढा शांत कधी पाहिला नव्हता.

पहाटे पाचला सगळ्या सायकली दारात ओळीनं लागल्या होत्या. अंजनानं आपली पिशवी कॅरिअरला बांधली होती, पंप आणि पेटी तिनंच घेतली होती. चाकांत हवाही भरून झाली होती. मी टेप घेतली तेव्हा ती कंदील धरून उभी राहिली.

“कमी दिसतोय,” भरमा म्हणाला. “मला तरी कमी दिसतोय. व्हय का न्हाय रं गुंडू?”

“दिसतोय की,” गुंडू म्हणाला.

मी टेप खुणेवरून फिरवली.

“शालाक्का,” अंजना म्हणाली. “जरा ओढून धर.”

“ओढ, ओढ,” भरमा म्हणाला. “मला लागत न्हाय.”

मामा दाराकडं तोंड करून उभे होते. मी टेप कातडीला टेकेल एवढीच ठेवली, कंदील जवळ घ्यायला सांगितला आणि दोनदा वाचलं.

उजवा चौदा इंच. डावा सव्वासोळा.